जुन्या खुंट्या

वस्तू विकत घेतली, किंमत चुकती केली, देणाऱ्याने राजीखुशीने दिली, म्हणजे ती आपली झाली. महसूल खात्यात चौतीस वर्षे काढलेल्या माणसाला याहून सोपे दुसरे काही नसते. ज्याचे नाव दप्तरी लागले तो मालक, आणि मालकाने आपल्या मालमत्तेचे काय करावे हे इतरांनी त्याला सांगू नये, अशीच आमची समजूत होती. कायद्याच्या दृष्टीने ती आजही चुकीची नाही. परंतु २०२३ साली आमच्या घरात आलेल्या एका जुन्या गिटारीने त्या समजुतीला एक फट पाडली. ती बुजवता बुजवता हा लेख झाला, आणि फट काही पूर्ण बुजली नाही.

गिटार आमची नव्हे, पुतण्याची. तीही साधी नव्हे, बास गिटार. म्हणजे चार जाड तारांची, खर्जाची. तिची सर्वांत खालची तार मोकळी छेडली तर सेकंदाला सुमारे ४१ कंपने होतात. ऐकण्यापेक्षा छातीत जाणवणारा असा तो स्वर. शिवाय ही बिनपडद्याची होती. गिटारीच्या दांडीवर धातूचे पडदे बसवलेले असतात. बोट जरासे इकडेतिकडे पडले तरी पडदा स्वर सांभाळून घेतो. पडदे काढले की तो आधार जातो. बोट जिथे पडेल तिथला स्वर, मग तो खरा असो वा खोटा. मोबदल्यात घसीट मिळते, मींड मिळते, दोन स्वरांमधली सगळी वाट मिळते. ग्वाल्हेरकरांना हे फार समजावून सांगण्याची गरज नाही. हाफिज अली खाँसाहेबांचे वडिलोपार्जित घर जिवाजीगंजात आज सरोदघर म्हणून उभे आहे, आणि सरोदीलाही पडदे नसतात.

पहिल्या दिवशी पुतण्याने ती वाजवली तेव्हा आमच्या कानांनी आणखी एक गोष्ट टिपली. बिनपडद्याच्या बासचा स्वर उमटताना क्षणभर गुणगुणतो. तार लाकडी पट्टीला जवळजवळ घासत कंप पावते, म्हणून तो नाद येतो. तंबोऱ्याच्या घोडीवर जवारी काढतात ती याच जातीची युक्ती: तार एका बिंदूवर न टेकता रुंद पृष्ठभागावर हलके हलके टेकत जावी आणि त्यातून नाद फुलावा. घरातला थोरल्या आत्याबाईंचा तंबोरा ऐकत वाढलेल्या आम्हांला त्या परक्या वाद्यात ओळखीचे काही सापडले, आणि तेथूनच आमचा हात त्यात गुंतला.

ते वाद्य आले होते मुरारमधल्या एका घरातून. विकणारे गृहस्थ पंचेचाळिशीचे. त्यांचे वडील ऑर्केस्ट्रा पार्टीत बास वाजवत असत. लग्ने, गणेशोत्सव, गिरणीतले कार्यक्रम. वडील वारून दोन वर्षे झाली होती. घरात वाजवणारे कोणी नाही, पावसाळ्यात ओल लागते, म्हणून बारा हजारांना त्यांनी ते दिले. जपानी बनावटीची ती गिटार वडिलांनी तरुणपणी मुंबईहून आणली होती. पडदे त्यांनी स्वतःच उपटून काढले आणि त्या खाचांत फिक्या लाकडाच्या पातळ पट्ट्या बसवल्या. बोट कुठे पडावे याच्या खुणा म्हणून त्या रेघा राहिल्या होत्या. पट्ट्या इतक्या सफाईने बसवलेल्या होत्या की नखाला सांधा लागत नसे.

दुखणी मात्र पुष्कळ होती. दोन खुंट्या सैल; सुरात लावावे तो गाण्याच्या मध्यात उतरत. आवाजाची बटणे फिरवली की खरखर. वायर जोडण्याचा जॅक हलला की वाद्य मुके होई. ही तिन्ही कामे करायलाच हवी होती, याबद्दल आमच्या मनात आजही शंका नाही. चौथे काम घोडीचे. गिटारीच्या खालच्या टोकाला तारा जिथे टेकतात तो लोखंडी पत्रा. मूळचा पातळ, दुमडलेला आणि गंजलेला. पण चालत होता. पुतण्याच्या मनात त्याजागी पितळेची भरीव, जड घोडी बसवायची होती. खुंट्यांतही दोनच बदलण्याऐवजी चारही नव्या, वजनाला हलक्या घ्याव्यात असे ठरले, कारण जड खुंट्यांमुळे असल्या गिटारीचे डोके खाली झुकते आणि डाव्या हाताला वाद्य सावरत बसावे लागते. हे कारण आम्हांला पटले. घोडीचे कारण पटले नाही, तरी पैसे आम्हीच दिले. निवृत्तीनंतर माणसापाशी वेळ असतो, आणि आमच्यापाशी पेचकसही होता.

आठ दिवस दुपारी आम्ही काका-पुतणे त्या कामाला बसलो. जुनी घोडी उचलली तेव्हा तिच्याखाली रंगाचा एक चौकोन अगदी कोरा निघाला. बाकीचे अंग चाळीस वर्षांच्या उन्हाने पिवळे पडले होते आणि तो तुकडा काल रंगवल्यासारखा. त्यातून एक बारीक तांब्याची तार डोकावत होती. घोडीखाली तिचा स्पर्श राहिला पाहिजे, नाहीतर तारांना जमिनीशी जोड मिळत नाही आणि भुणभुण वाढते, हे पुतण्याने आम्हांला शिकवले. नव्या खुंट्यांचे पेच जुन्या भोकांशी जुळेनात. जुनी भोके काडी आणि सरस घालून बुजवली, नवी पाडली. चारांपैकी एका जुन्या खुंटीचा कान, म्हणजे पिळण्याची पाकळी, इतर तिघींसारखी नव्हती. पितळेची, हाताने घासून आकार दिलेली, किंचित वाकडी. आम्ही ती हातात घेऊन पाहिली आणि हसलो. कोणाचा तरी जुगाड, एवढेच मनात आले.

काम झाले. वाद्य सुरात राहू लागले, खरखर गेली. जड घोडीने नाद लांबला असे पुतण्याचे म्हणणे. आमच्या कानांना फरक कळला नाही. परंतु पैसे आमचे गेले होते, म्हणून कळल्यासारखे केले.

त्या महिन्याची रद्दी न्यायला कबाडी आला तेव्हा वर्तमानपत्रांबरोबर एका फुटक्या बादलीत जुनी घोडी, चार खुंट्या, बटणे आणि गंजके पेच आम्हीच नेऊन ठेवले. त्याने ते लोखंडाच्या भावाने तोलले. पितळेचा तो कान वेगळा काढून त्याचे चार रुपये जास्त मिळवावेत असेही आम्हांला सुचले नाही, यावरून आमचे लक्ष किती होते ते कळावे.

दिवाळीनंतर ते मुरारचे गृहस्थ आले. वाद्य ऐकायला आलो म्हणाले. पुतण्याने मोठ्या उत्साहाने वाजवून दाखवले. त्यांनी डोळे मिटून ऐकले, आवाज छान झाला म्हणाले, मग दांडीच्या टोकाकडे पाहिले आणि जुन्या खुंट्या कुठे आहेत असे विचारले. एका कार्यक्रमाच्या रात्री वडिलांच्या खुंटीचा कान तुटला होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी घराच्या दाराची मोडकी पितळी कडी कापली आणि दिवसभर कानस चालवून नवा कान केला. हे गृहस्थ तेव्हा नऊ वर्षांचे. सुट्टी होती, आणि पितळ हलू नये म्हणून दोन्ही हातांनी ते धरून बसायचे काम त्यांच्याकडे होते. नव्या खुंट्या बसवल्या असतील तर जुन्या पडून असतील, त्यातली ती एक मिळाली तर न्यावी, एवढ्यासाठी ते आले होते.

पुतण्याने आमच्याकडे पाहिले. आम्ही खरे ते सांगितले.

त्यांनी आम्हांला दोष दिला नाही. दिला असता तर बरे झाले असते, कारण त्यासाठी आमच्यापाशी उत्तर तयार होते: गिटार विकताना तुम्ही काही राखून ठेवले नाही, काही सांगितलेही नाही, विकलेल्या वस्तूच्या सुट्या भागांवर तुमचा हक्क कसा? हे उत्तर कोणत्याही कचेरीत टिकले असते. ते चहा घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी आम्ही दाल बाजाराच्या मागे त्या कबाड्याचा ठेला शोधून काढला. माल कधीच पुढे भट्टीला गेला होता.

आता प्रश्न असा की आमचे चुकले काय, आणि चुकले असेल तर नेमके कुठे?

तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांत या जातीचा एक जुना दाखला आहे. थीसियसचे तीस वल्ह्यांचे जहाज अथेन्सच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या जपले. कुजलेली फळी काढायची आणि नवी बसवायची. ते जहाज तेच राहिले की दुसरे झाले, यावर तत्त्वज्ञांत दोन तट पडत, असे प्लुटार्कने लिहून ठेवले आहे. पुढे १६५५ साली हॉब्जने त्यात आणखी एक पेच घातला: काढलेल्या सगळ्या फळ्या कोणी साठवल्या आणि त्यांचे पुन्हा जहाज बांधले, तर खरे कोणते? आपल्याकडे नागसेन भिक्षूने मिलिंद राजाला रात्रभर जळणाऱ्या दिव्याचा दृष्टांत दिला. पहिल्या प्रहरीची ज्योत आणि शेवटच्या प्रहरीची ज्योत एक नव्हे, आणि वेगळीही नव्हे. आम्हांला नागसेनाचे उत्तर नेहमीच अधिक जवळचे वाटत आले आहे. फळ्या मोजत बसण्यापेक्षा तो जळण्याच्या सातत्याकडे पाहतो. त्या मापाने आमच्या पुतण्याची गिटार तीच आहे. वाजत होती, वाजते आहे.

परंतु हे सगळे दाखले विचारतात ते वस्तूविषयी. ती कोणाला कोण आहे, हे कोणी विचारत नाही. त्या गृहस्थांना ओळखपत्र पडताळायचे नव्हते. गिटार तीच आहे की दुसरी, याची त्यांनी चौकशीही केली नाही. त्यांना चार बोटे लांबीचा पितळेचा एक तुकडा हवा होता, ज्यातून एकही स्वर निघत नाही.

म्हणून काही बदलूच नये, असे कोणी म्हणेल तर ते आम्हांला मान्य नाही. तसे असते तर सरोद जन्मालाच आली नसती. रबाबाच्या लाकडी पट्टीवर धातूचा पत्रा चढला, तातीच्या तारा जाऊन धातूच्या आल्या, आणि त्यातून एकोणिसाव्या शतकात हे नवे वाद्य घडले. श्रेय कोणाचे यावर घराण्यांत मतभेद आहेत. ग्वाल्हेर दरबारच्या गुलाम अली खाँ बंगश यांचे नाव त्यात अग्रभागी येते. पत्रा चढवणाऱ्याला त्या दिवशी कोणी अडवले असते, हा पूर्वजांचा रबाब आहे, हात लावू नकोस म्हणून, तर नुकसान कोणाचे झाले असते? वाद्य हे वाजवणाऱ्याचे. कपाटात ठेवलेले मूळ वाद्य आणि हातातले दुरुस्त वाद्य यांत आम्ही दुसरेच निवडू. आजही.

बिनपडद्याच्या बासचा जो सर्वांत नावाजलेला वादक झाला, त्या अमेरिकेच्या जाको पास्टोरियसची कथा पुतण्याने आम्हांला याच सुमारास सांगितली. त्याची गिटार १९६२ सालची, त्याने जुनीच घेतलेली. पडदे काढलेल्या पट्टीवर त्याने होड्यांना लावतात तसल्या कठीण रोगणाचे लेप दिले होते, म्हणजे खरखरीत तारांनी लाकूड झिजू नये. १९७६ सालच्या त्याच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेत जो गाता खर्ज ऐकू येतो तो याच वाद्याचा. पुढे त्याचे मन बिघडले, आणि वाद्याचे अक्षरशः तुकडे झाले. फ्लोरिडातल्या कारागिरांनी ते तुकडे जोडून वाद्य पुन्हा उभे केले. १९८६ साली न्यूयॉर्कच्या एका बागेतून ते चोरीला गेले, आणि पुढच्याच वर्षी तो वारला. सुमारे वीस वर्षांनी ते न्यूयॉर्कमध्येच सापडले तेव्हा त्याच्या मालकीवरून वाद झाला. शेवटी दुसऱ्या एका बासवादकाने, रॉबर्ट त्रुहियोने, ते सोडवून घेतले, आणि घेतलेल्याच किमतीला जाकोच्या कुटुंबाला परत देण्याची तयारी दाखवली.

ही कथा आम्ही पुन्हा पुन्हा मनात घोळवली. मूळ कारखान्याचे त्या वाद्यात किती उरले होते? पडदे गेलेले, पट्टीवर होडीचे रोगण, अंग तुकड्या-तुकड्यांचे. तरीही ते त्याचेच, यात कोणाला शंका नाही. उलट, कारखान्यातून निघाले तसे ते कोरे राहिले असते तर त्याच वर्षीच्या इतर गिटारींच्या रांगेत ते ओळखूही आले नसते. त्या वाद्याची ओळख त्याच्या सांध्यांत आहे. आणि वाकडा पितळी कान हा मुरारच्या गिटारीचा असाच एक सांधा होता. मूळ भाग तो नव्हताच. तीही एक दुरुस्तीच होती. एका माणसाने केलेला बदल दुसऱ्याने काढून टाकला, एवढेच झाले. मग खंत कसली?

या ठिकाणी आम्हांला आमची कचेरी आठवली, आणि थोडी लाजही वाटली. हाताखालच्या लोकांना आम्ही एक गोष्ट आयुष्यभर बजावत आलो. चुकीची नोंद खरडून काढायची नाही, पांढरा रंग फासायचा नाही. एक रेघ मारायची; खालचे वाचता आले पाहिजे. शेजारी नवी नोंद, आणि तिच्याखाली सही व तारीख. जुनी नोंद चुकीची असली तरी ती एकेकाळी कोणीतरी, काही समजून, केलेली असते, आणि उद्या कोणाला ती पाहावी लागेल हे आज आपल्याला ठाऊक नसते. एका तलाठ्याला ब्लेडने खाते खरवडल्याबद्दल आम्ही लेखी समज दिली होती. तो म्हणाला होता, साहेब, नवी नोंद तर बरोबर आहे ना? बरोबरच होती.

आमच्या घरी नवी नोंद बरोबर होती. खुंट्या चांगल्या बसल्या. जुनी नोंद मात्र आम्ही बादलीत टाकली. मालमत्तेचा हक्क आम्ही नीट वापरला. परंतु वस्तू विकत घेताना तिच्याबरोबर आपण तिचे दप्तरही ताब्यात घेतो, हे दाखलखारिजाच्या हजारो प्रकरणांवर सह्या केलेल्या माणसाला घरच्या ओसरीवर बसून कळले नाही. दप्तर ताब्यात घेणारा त्याचा मालक नसतो, कारकून असतो. हे बंधन कायद्याने घातलेले नाही, म्हणून ते मोडल्याची शिक्षाही नाही. समोरचा माणूस चहा घेऊन निघून जातो, एवढेच.

जुनी वस्तू सुधारण्याच्या उत्साहात एक निवाडाही दडलेला असतो असे आम्हांला वाटू लागले आहे. हल्ली ज्याला अपग्रेड म्हणतात, त्या शब्दातच आधीचे ते खालच्या पायरीचे असे गृहीत आहे. नवा अधिकारी आला की आधी खुर्चीची दिशा बदलतो. आम्हीही बदलली होती. आम्ही तो कान पाहून हसलो, त्या हसण्यातच पुढचे सगळे ठरून गेले. दिवसभर कानस चालवणाऱ्या माणसाची कारागिरी आम्ही क्षणभर जरी कारागिरी म्हणून पाहिली असती, तरी हात बादलीकडे गेला नसता. खुंटी बदलली असतीच, पण हात बादलीकडे गेला नसता.

आपल्या घराण्यांना या प्रश्नाची ओळख नव्याने करून द्यायला नको. दौलतरावांच्या छावणीचे १८१० च्या सुमारास लष्कर शहर झाले, तेव्हापासून आपण आपल्या भाषेच्या खुंट्या बदलतच आलो आहोत. आम्ही स्क्रूला पेच म्हणतो आणि रद्दीवाल्याला कबाडी. पुण्याचे पाहुणे हसतात. त्यांच्या हसण्यात आम्हांला आता आमचेच त्या दुपारचे हसणे ऐकू येते. असो.

खरा प्रसंग त्यानंतरचा. बास गिटारीच्या त्या पट्टीवर, चारही तारांखाली, बारीक खाचा पडल्या आहेत. खरखरीत वेढ्याच्या तारा वर्षानुवर्षे लाकडावर घासल्या गेल्या त्याच्या त्या खुणा. त्या सगळीकडे सारख्या नाहीत. पाचव्या आणि सातव्या पडद्याच्या जुन्या जागी अधिक खोल आहेत, म्हणजे त्या माणसाचे बोट तेथे सर्वांत जास्त वेळा पडले. तेथे आज स्वर किंचित झरझरतो. पुतण्याच्या यादीत पुढचे काम हेच होते: पट्टी घासून सपाट करायची आणि वर जाकोसारखा कठीण लेप द्यायचा. वाद्य त्याने निःसंशय सुधारेल. खुंट्यांसारख्या या खाचा काढून डब्यात ठेवता येत नाहीत; घासल्या की गेल्या. या ठिकाणी एक रेघ मारून खालचे वाचता येण्याजोगे ठेवण्याची सोय नाही. आमचा कचेरीतला नियम येथे लंगडा पडतो, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

पुतण्याने आमचे मत विचारले. आम्ही दिले नाही. वाद्य त्याचे, बोटे त्याची, आणि एका बादलीनंतर सल्ला देण्याचा अधिकार आम्हांला फारसा उरलेला नाही. त्याने महिनाभर काही केले नाही. मग खरखरीत तारा काढून सपाट वेढ्याच्या तारा चढवल्या. त्या लाकूड फारसे खात नाहीत, म्हणून खाचा आणखी खोल जाणार नाहीत. नाद जरा मऊ झाला. पुढे तो पट्टी घासेलही, आणि घासली तर त्यात गैर काही आहे असे आम्ही म्हणणार नाही.

ओसरी झाडताना सौ. ना जुन्या घोडीचे तीन गंजके पेच सापडले. ते आम्ही मिठाईच्या एका रिकाम्या डब्यात ठेवले आहेत. डब्यात एक कागदही आहे: काय काढले, काय बसवले, कोणत्या दिवशी, आणि एक पितळी कान कोणाच्या चुकीने गेला. खाली सही व तारीख. डबा गिटारीच्या पिशवीतच असतो. मुरारच्या गृहस्थांना आम्ही तसे कळवले. तीन पेचांतला एक ते येऊन घेऊन गेले.